बेळगाव भागात नव्याने राहायला आलात? घरातल्या वडीलधाऱ्यांचे वैद्यकीय इच्छापत्र आधी करा

महाराष्ट्रातून बेळगाव, निपाणी, खानापूरकडे राहायला आल्यावर गॅस, रेशनकार्ड, मुलांची शाळा ही कामे सगळे आधी उरकतात. घरात थकलेले आई-वडील असतील तर त्याच महिन्यात त्यांचे वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे लिव्हिंग विलही करून घ्या. बरे होण्याची आशा नसताना आणि स्वतः निर्णय घेता येत नसताना कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला हा कागद. ते मृत्युपत्रात घालू नका. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, हा कागद तो असतानाच लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला याला मान्यता दिली, २४ जानेवारी २०२३ ला पद्धत सोपी केली आणि कर्नाटकच्या आरोग्य खात्याने ३० जानेवारी २०२५ ला त्याच्या अंमलबजावणीचे परिपत्रक काढले. निकाल देशभर लागू असल्यामुळे इथे केलेला कागद कोल्हापुरातही चालतो. सही करणारा सज्ञान आणि पूर्ण भानावर हवा. दोन साक्षीदार लागतात, शक्यतो घराबाहेरचे. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन. एक प्रत महापालिकेत, नगरसभेत किंवा ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या. दुसरी फॅमिली डॉक्टरांकडे द्या.

आपल्या वतीने बोलणाऱ्या दोन माणसांची नावे घाला. त्यातला एक तासाभरात दवाखान्यात पोहोचणारा हवा. पुण्या-मुंबईचा मुलगा रात्रभर प्रवास करून येईपर्यंत नळ्या घातलेल्या असतात. दोघांना आणि बाकीच्या भावंडांनाही कागद आधीच वाचून दाखवा, नाहीतर आयसीयूच्या दारातच वाद सुरू होतो.

‘मला त्रास नको’ एवढेच लिहून भागत नाही. कागद संदिग्ध असेल तर वैद्यकीय मंडळ तो बाजूला ठेवते. आजार असाध्य असेल, बरे होण्याची आशा नसेल आणि मला निर्णय घेता येत नसेल, तर व्हेंटिलेटर, डायलिसिस, नाकातून अन्न देणारी नळी यांपैकी काय नको ते एकेक लिहा. हृदय थांबल्यावर छाती दाबून ते सुरू करण्याच्या प्रयत्नाला सीपीआर म्हणतात, पण ‘सीपीआर नको’ असे मात्र लिहू नका. आपल्या भागात सीपीआर म्हटले की लोकांना त्याच नावाने ओळखले जाणारे कोल्हापूरचे सरकारी रुग्णालय आठवते. ‘हृदय थांबल्यास छाती दाबू नये, शॉक देऊ नये’ असे सरळ लिहा. वेदनाशामक औषध, तोंडाची स्वच्छता, धाप कमी करणारे उपचार चालू राहावेत, हेही नोंदवा. मजकूर मराठीत आणि सोबत कन्नड किंवा इंग्रजीत ठेवा. रात्रपाळीच्या डॉक्टरांना मराठी वाचता येईलच असे नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. १०८ ला फोन केला की गाडीतले कर्मचारी जीव वाचवायचे प्रयत्न सुरू करणारच, आणि ते बरोबर आहे, कारण आजार असाध्य आहे की नाही हे रस्त्यात ठरत नाही. पडून हाड मोडले, घशात घास अडकला, तर १०८ लाच बोलवा. कॅन्सर शेवटच्या टप्प्यात आहे आणि श्वास मंदावतोय, असे अपेक्षितच असेल तर आधी नेहमीच्या डॉक्टरांना फोन करा. दाखल व्हावेच लागले तर पहिल्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी ‘डीएनएआर’बद्दल, म्हणजे हृदय थांबल्यास ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न न करण्याबद्दल, बोला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२० मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. निर्णय डॉक्टर घेतात, रुग्ण किंवा नातेवाईकांशी बोलून, आणि तो केसपेपरवर लिहिलेला हवा. त्याने बाकीचे उपचार थांबत नाहीत.

व्हेंटिलेटर आधीच लावला असेल तर तो काढायचा की नाही हे ठरवायला डॉक्टरांची दोन मंडळे बसतात. पहिल्यात उपचार करणारे डॉक्टर आणि पाच वर्षांचा अनुभव असलेले निदान दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात वेगळे दोन तज्ज्ञ आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे असते. अंमलबजावणीआधी रुग्णालय प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवते. त्यांची परवानगी मागत बसायचे नसते, हे काही ठिकाणी अजून माहीत नसते. परिपत्रकाची प्रत जवळ ठेवा. दुसऱ्या मंडळावर डॉक्टर रुग्णालयाच्या जिल्ह्यातून नेमला जातो, त्यामुळे निपाणीकरांनी कोल्हापूर की बेळगाव हे आधीच ठरवलेले बरे.

या घोळाला कंटाळून बरेच जण ‘लामा’वर, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून माणसाला घरी नेतात. कृपया तसे करू नका. वेदनेची औषधे न देता पाठवले जाते आणि शेवटचे दिवस फार वाईट जातात. त्याऐवजी वेदनाशामक उपचारांच्या चिठ्ठीसह रीतसर डिस्चार्ज मागा, आणि मॉर्फिन हे तीव्र वेदनेवरचे औषध कुठे मिळते हे निघण्याआधी विचारून घ्या.

कागद केव्हाही लेखी रद्द करता येतो. नवा केलात तर महापालिकेतली आणि डॉक्टरांकडची जुनी प्रत त्याच आठवड्यात बदलून घ्या.