ऑल-ग्रेनला आधी पिशवी, मग पंप

एक्स्ट्रॅक्टवरून, म्हणजे माल्टच्या तयार अर्कावरून, ऑल-ग्रेन बिअरकडे, म्हणजे थेट माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून) केलेल्या बिअरकडे वळताना लगेच तीन पातेली नि पंप असा पसारा मांडू नका. एक मोठं पातेलं आणि त्यात माल्ट धरून ठेवणारी जाळीदार पिशवी पुरते. (महाराष्ट्रात घरी बिअर करायला कायद्याची मुभा नाही; हे परदेशातल्या हौशी मंडळींसाठी.)

खरी मेख तापमानात. २० अंशांवरचं ५ किलो भरडलेलं माल्ट १५ लिटर पाण्यात घालायचं, तर पाणी ७३ अंशांवर हवं. माल्ट पडलं की ते ६७ च्या आसपास येतं. आधी ढवळून गुठळ्या फोडा, मगच थर्मामीटर बुडवा, तोही दोन-तीन ठिकाणी. मग गॅस बंद करून, पातेलं जुन्या रजईत गुंडाळून तासभर ठेवा. माल्ट किलोमागे साधारण लिटरभर पाणी पिऊन बसतं. पिशवी उचलल्यावर तिच्यावर गरम पाणी ओतून ती तूट भरून काढा.