प्रभागाच्या बैठकीला जाताना दोन कागद न्या

बैठकीत सगळे एकदम बोलतात आणि आपला बंद पथदिवा त्या गलक्यात विरतो. त्यात नाशिकला बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक, त्यामुळे “ते काम त्यांच्याकडे” हे ठरलेलंच. म्हणून लेखी अर्ज आणि त्याची प्रत, असे दोन कागद तयार ठेवा.

१. एका कागदावर एकच तक्रार. “कॉलनीत अंधार” नको. खांबाचा नंबर, जवळची खूण, कधीपासून बंद, एवढं लिहा.
२. अर्ज विभागीय अधिकाऱ्यांच्या नावे, खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून चारही नगरसेवक. खरी मेख इथेच आहे.
३. मूळ अर्ज पंचवटी, सातपूर, सिडको, जे आपलं विभागीय कार्यालय असेल तिथे द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

कोऱ्या कागदावर शेजाऱ्यांच्या सह्या मात्र घेऊ नका. आधी मजकूर, मग सही.