कर्नल सुरक्षेत शिरायचंय? /प्रॉकपासून सुरुवात करा

गोव्यात राहून लिनक्स कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, काम करता येतं का, असं फर्मागुडीला अभियांत्रिकी शिकणारी मुलं मला नेहमी विचारतात. येतं. कर्नलचा सगळा कोड उघडा आहे आणि त्यावरची चर्चा ईमेलवर चालते. आठ जीबी मेमरीचा लॅपटॉप आणि त्यात व्हर्च्युअल मशीनवर फेडोरा लिनक्स एवढ्यावर सुरुवात होते. घरी नेट नसेल तर पणजीला पाटोवर मध्यवर्ती ग्रंथालय आहे, तिथे शांतपणे वाचत बसा.

कुठून सुरुवात करायची, याबाबत मात्र माझं मत ठाम आहे. एसईलिनक्स, म्हणजे कुणी कशाला हात लावायचा हे लेबलांवरून ठरवणारी सुरक्षा-यंत्रणा, २००३ मध्ये २.६ मालिकेबरोबर मुख्य कर्नलमध्ये आली. ती शिकताना सगळे डिस्कवरच्या फाइलींपासून सुरू करतात. डिस्कवर प्रत्येक फाइलीचं सुरक्षा-लेबल तिच्या विस्तारित गुणधर्मात लिहून ठेवलेलं असतं, ते वाचलं की झालं. त्यामुळे लेबल ही फाइलीला चिकटलेली वस्तू आहे असा समज होतो आणि तो पुढे फार त्रास देतो. /प्रॉक हे कर्नलची आणि चालू प्रोसेसची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारं फोल्डर. त्यातल्या फाइली डिस्कवर नसतातच. तुम्ही मागितल्यावर कर्नल तिथल्या तिथे आयनोड, म्हणजे फाइलीची आपल्याकडची नोंद, तयार करतो. मग लेबल येतं कुठून? हा प्रश्न नीट सुटला की अर्धा विषय हातात येतो.

मशीन चालू करा आणि एलएसला झेड पर्याय देऊन /प्रॉक/सीपीयूइन्फो बघा. लेबलातला प्रकार दिसेल प्रॉक_टी. आता /प्रॉक/केकोर बघा: प्रॉक_केकोर_टी. एक प्रोसेसरची माहिती सांगते, दुसरी कर्नलच्या मेमरीचं दार आहे, तेव्हा दोघींना एकच लेबल देऊन चालणार नाही. हा भेद पॉलिसीतल्या, म्हणजे एसईलिनक्सच्या नियमावलीतल्या, जेनएफएसकॉन नियमांनी होतो. फाइलसिस्टमचं नाव, त्यातला मार्ग आणि लेबल, एवढाच तो नियम. जास्तीत जास्त लांबीपर्यंत जुळणारा मार्ग जिंकतो. एसईइन्फो हे साधन हे सगळे नियम छापून देतं. एकदा सगळी यादी वाचून काढाच.

आता /प्रॉक/१/स्टेटस बघा; यातला १ हा प्रोसेसचा क्रमांक. इथे लेबल आहे इनिट_टी, म्हणजे खुद्द त्या प्रोसेसचं. मार्गाच्या नियमाचा इथे संबंध नाही. प्रोसेसची ओळखच तिच्या फाइलींना मिळते. पण त्याच प्रोसेसच्या नेट फोल्डरात शिरलात की पुन्हा मार्गाचा नियम लागतो. प्रोसेसचा क्रमांक तर दर वेळी वेगळा, मग नियमात लिहायचं काय? कर्नल मार्गाच्या सुरुवातीचा तो क्रमांक कापून टाकतो आणि उरलेला मार्ग नियमाशी ताडतो. एसईलिनक्सच्या हुक्स नावाच्या सी फाइलीत हे अवघ्या काही ओळींत आहे. त्या ओळी सापडल्या की वर-खाली वाचत जा. आयनोडला स्वतःचं नाव नसतं, नाव डेंट्रीकडे, म्हणजे नाव आणि आयनोड जोडणाऱ्या नोंदीकडे, असतं. म्हणून डेंट्री हाती नसेल तर लेबल लावणं पुढे ढकललं जातं, तेही तिथेच दिसेल. व्हीएफएसचं (सगळ्या फाइलसिस्टमांवरच्या कर्नलच्या सामाईक थराचं) कुठलंही प्रकरण वाचण्याआधी हा भाग वाचावा, असं मी सांगेन.

यानंतर लेबल बदलून बघा. /प्रॉक/सीपीयूइन्फोवर सीएचकॉन ही लेबल बदलणारी आज्ञा चालवली तर 'ही क्रिया उपलब्ध नाही' अशा अर्थाचा नकार येतो. /सिस या उपकरणांची आणि ड्रायव्हरांची माहिती देणाऱ्या फोल्डरातल्या फाइलीवर तेच चालतं! २००९ मध्ये /सिसमागच्या सिसएफएस या फाइलसिस्टमला ही सोय मिळाली. बदललेलं लेबल तिथे आयनोडपाशी न ठेवता मागच्या कायम राहणाऱ्या नोंदीत ठेवतात. त्यामुळे मेमरी मोकळी करताना आयनोड गेला तरी लेबल टिकतं. मशीन रीबूट केल्यावर मात्र पुसलं जातं. आज ही नोंद कर्नएफएस या सिसएफएसखालच्या थराकडे असते.

नोकरीच्या दृष्टीनेही हे उपयोगी आहे. अँड्रॉइडवर ५.० पासून एसईलिनक्स पूर्ण सक्तीने चालतं आणि नवं उपकरण तयार करणाऱ्या गटाला /सिसमधल्या आपल्या ड्रायव्हरच्या फाइलींना लेबलं द्यावीच लागतात. उपकरण चालू होताना सगळं /सिस धुंडाळून लेबलं लावायला वेळ जातो. जेनएफएसकॉननं लेबलं फाइल पहिल्यांदा उघडतानाच लागतात. मुलाखतीत हा फरक कारणासकट सांगता आला तर समोरच्याला कळतं की तुम्ही काम केलंय.

एक सवय सुरुवातीपासून टाळा. एसईलिनक्सच्या नकाराची नोंद आली की ऑडिट-टू-अलाउ हे नोंदीवरून परवानगीचा नियम बनवणारं साधन चालवून परवानगी देऊन मोकळं व्हायचं, हे सर्रास चालतं. आधी नोंदीतला 'डेव्ह' रकाना बघा. तिथे प्रॉक किंवा सिसएफएस असेल आणि लक्ष्याचं लेबल नुसतं प्रॉक_टी किंवा सिसएफएस_टी असेल, तर बहुधा परवानगी कमी पडलेली नसते, नेमकं लेबल कमी पडलेलं असतं. सिसएफएस_टीवर लिहायची मुभा दिलीत तर एका दिव्यासाठी सगळं घर उघडं टाकल्यासारखं होतं. त्या एका मार्गासाठी नवा प्रकार करा, जेनएफएसकॉनची ओळ लिहा आणि परवानगी त्याच प्रकाराला द्या.

अडलात तर विचारायला लाजू नका. फक्त नकाराची पूर्ण ओळ, कर्नलची आवृत्ती आणि पॉलिसी कुठली ते पहिल्याच ईमेलमध्ये लिहा.