बाहीवर फीत लागली, आता पोरांचे पाय बघ

लान्स नायकाला एक फीत, नायकाला दोन, हवालदाराला तीन. पोराला पहिली फीत लागली की गावात फ्लेक्स लागतो, आई देवाला नारळ फोडते आणि पोरगा रजेवर आला की एखादी संध्याकाळ काढून ऐरोलीला माझ्याकडे येतो. प्रश्न ठरलेला असतो, "साहेब, सेक्शन कसं सांभाळायचं?" मी मराठा लाइट इन्फंट्रीत सुभेदार होतो, मूळचा माण तालुक्यातला. आता रबाळ्याच्या एमआयडीसीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. आजवर तोंडी सांगत आलो ते इथे लिहून ठेवतोय. ज्याच्या हाताखाली सेक्शन, म्हणजे आठ-दहा जवान आहेत त्याच्यासाठी हे आहे.

अधिकाऱ्यांना यातलं सूत्र डेहराडूनलाच मिळतं. १० डिसेंबर १९३२ रोजी इंडियन मिलिटरी अकॅडमीच्या उद्घाटनाला तेव्हाचे सरसेनापती चेटवूड यांनी जो क्रम सांगितला, तो तिथे प्रत्येक कॅडेटला पाठ असतो. आधी देशाची सुरक्षितता, मान आणि कल्याण. मग तुमच्या हाताखालच्या माणसांचा मान, कल्याण आणि सोय. स्वतःचा आराम आणि स्वतःची सुरक्षितता सगळ्यात शेवटी, नेहमी आणि प्रत्येक वेळी. हा क्रम पहाटेच्या पीटीपासून रात्रीच्या रोल कॉलपर्यंत पाळणं हे मात्र फीतवाल्याचं काम आहे. मेजरसाहेब कंपनीतल्या शंभरावर माणसांच्या पायांची बोटं रोज बघू शकत नाहीत. तू बघू शकतोस.

पाय

म्हणून सुरुवात पायांपासून कर. रूट मार्चवरून किंवा पेट्रोलिंगवरून परत आलं की पोरं पाणी पितात, पिट्टू म्हणजे पाठीवरची पिशवी टाकतात आणि आडवी होतात. ती झोपायच्या आत त्यांना ओळीत बसव. बूट काढायचे, मोजे काढायचे, पाय पिट्टूवर ठेवायचे. मग हातात टॉर्च घेऊन तू जमिनीवर बस आणि एकेकाचा पाय हातात घे. उभ्याने नजर टाकून पुढे जाऊ नकोस, त्यातून काहीच कळत नाही.

टाचेवर आणि अंगठ्याच्या बुडाशी कातडी लाल दिसली तर तिथे उद्या फोड येणार, आजच टेप लाव. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी होऊन सुटत असेल तर बुरशी धरतेय. पाय नीट पुसून, वाळवून पावडर मारायची आणि नर्सिंग असिस्टंटला दाखवायचं. नखं सरळ कापलीत का बघ. कडेने गोलाई देऊन कापलं की नख मांसात घुसतं. पावसात दोन-दोन दिवस ओले बूट पायात राहिले की तळवा सुरकुततो, बधिर होतो. असा पाय दिसला की त्या माणसाला पुन्हा ओल्या बुटात घालून पाठवायचं नाही, आधी वर कळवायचं. आणि "दुखतंय का?" असं विचारू नकोस. सगळे "काही नाही उस्ताद" म्हणतात. अंगठ्याने दाबायचं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं.

कोरड्या मोज्यांची एक जोडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून प्रत्येकाच्या पिट्टूत असलीच पाहिजे. निघायच्या आधी ती उघडून बघ. आहे म्हणाला म्हणजे आहे असं धरून चालू नकोस.

उंचावरच्या पोस्टवर याच कामाला धार येते. तिथे घामसुद्धा शत्रू. मोजा घामाने ओला झाला की बोट गारठतं. नाकाचा शेंडा, कानाची पाळी, गाल पांढरे पडलेत का हे माणसाला स्वतःचं स्वतःला दिसत नाही, म्हणून जोडीदाराने जोडीदाराचं तोंड बघायचं. बडी सिस्टीमचा खरा उपयोग इथे कळतो. बोट पांढरं, कडक, बधिर झालं असेल तर चोळायचं नाही, बर्फ घासायचा नाही, बुखारीवर, म्हणजे खोली गरम करायच्या शेगडीवर, शेकायचं नाही. बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही आणि चोळल्याने आतलं मांस आणखी खराब होतं. गरम कपड्यात झाकून माणूस तडक नर्सिंग असिस्टंटकडे.

पोरांना सुरुवातीला संकोच वाटतो. हवालदाराने आपला घाणेरडा पाय हातात धरायचा म्हणजे काय! दोन-तीनदा झालं की तो संकोच जातो आणि त्यानंतर जे घडतं त्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. ज्याचा पाय तू हातात घेतलास तो रात्री दोन वाजता तुला उठवून सांगतो की अंगात ताप आहे. ज्याला तू फक्त हुकूम दिलेत तो ताप लपवतो आणि सकाळी चढणीवर कोसळतो.

लंगर

पलटणीत बडाखान्याला, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र जेवणाला, अधिकारी स्वतः जवानांना वाढतात. फार चांगली रीत आहे, पण ती सणासुदीची. तुझा बडाखाना रोज संध्याकाळी असतो. रांगेत सगळ्यात शेवटी उभा राहा. पातेलं तळाला गेल्यावर डाळ किती पातळ होते, भाजीत फोडी उरतात का, शेवटच्या माणसाला रोटी पुरते का, हे तुला ताटातच कळेल. कमी पडलं तर तुलाच कमी पडेल आणि मग लंगर कमांडरशी, म्हणजे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्याशी, बोलताना तुझ्याकडे ऐकीव गोष्ट नसेल.

संत्रीचं, म्हणजे पहाऱ्यावरच्या जवानाचं ताट मात्र पहिल्या माणसाने जेवण घ्यायच्या आधी काढून झाकून ठेवायचं. ड्यूटीवरून उतरलेला जवान थंड रोटी आणि पाण्यासारखी डाळ खात बसला, तर त्या रात्री तुझं कुठलंही भाषण त्याच्या कानात शिरणार नाही. रात्री दोन ते चारची संत्री ड्यूटी सगळ्यात जड असते. तुझी एक फेरी त्याच वेळेला ठेव आणि जाताना चहा घेऊन जा.

दाणापाण्याची ही काळजी आपल्याकडे जुनी आहे. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेलं १६७४ चं पत्र मी प्रत्येक पोराला वाचायला लावतो. ते जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना लिहिलेलं आहे. राज्याभिषेकाच्या वर्षी राजा कशाबद्दल लिहितोय बघ. घोड्यांचं गवत आणि दाणा पावसाळाभर पुरवा, आत्ताच उधळलात तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग माणसं कुणब्याच्या घरून दाणे, भाकर, भाजी उचलायला लागतील आणि रयत गाव सोडून जाईल. रात्री दिवे जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल. उंदराने वात नेण्यापर्यंतचा विचार हवालदाराने करावा, अशी त्या पत्राची अपेक्षा आहे. तुझीही पदवी तीच आहे.

रजा

वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा, ३० दिवस किरकोळ. कागदावर सगळ्यांना सारखी. पण मराठा पलटणीत गणपती आले की कोकणातल्या प्रत्येकाला चतुर्थीला घरी पोहोचायचं असतं. आमच्या माण-खटावच्या पोरांना गावची जत्रा हवी असते आणि विदर्भातला जवान पोळा सोडायला तयार नसतो. एका वेळी किती माणसं सोडायची हे कंपनी ठरवते, त्यामुळे कोणी तरी नाराज होणारच.

यासाठी जानेवारीतच एक वही घाल. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं गाव, जवळचं स्टेशन, पोहोचायला किती वेळ लागतो, आई-वडिलांचं दुखणं, बायकोची बाळंतपणाची तारीख, बहिणीचं लग्न, पेरणी-कापणी असं लिही. मागच्या वर्षी गणपती कोणाला मिळाले तेही. मग सगळ्यांना समोर बसवून, वही उघडी ठेवून यादी कर. तुझं नाव शेवटी. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणून त्याच्या आत रजा पक्की व्हायला हवी. नाही तर नॉर्थ-ईस्टमधून येणारा पोरगा दोन रात्री डब्याच्या दारात बसून येतो.

रजेवरून परत आलेल्याला पहिल्या दिवशी पाच मिनिटं वेगळा घे. हसत गेलेला माणूस गप्प होऊन आला की घरी काही तरी बिनसलेलं असतं. बहुतेक वेळा जमीन. भावाने परस्पर फेरफार करून घेतला, बांध सरकवला, वाट अडवली. त्याला धीर देऊन थांबू नकोस. सातबाराचा उतारा मागव, त्याच्याबरोबर बसून अर्ज लिही, सुभेदारसाहेबांमार्फत कंपनी कमांडरकडे ने. युनिटकडून जिल्हाधिकाऱ्यांना पत्र जातं आणि गावाकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं, घरच्यांना तिथे जायला सांग. अलीकडे दुसरं दुखणं वाढलंय, मोबाइलवरचं कर्ज आणि पैसे लावून खेळायचे खेळ. पगार झाल्यावर चार दिवसांत उसने मागणारा जवान दिसला की त्याला एकट्याला गाठ, चारचौघांत विषय काढू नकोस.

पोरं डोक्यावर बसतील का?

हा प्रश्न हमखास येतो. इतकं सगळं केलं तर धाक राहील का? याला माझं उत्तर म्हणजे नामदेव जाधव. नगर जिल्ह्यातला साधा शिपाई, मराठा रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमध्ये कंपनीचा रनर, म्हणजे निरोप पोहोचवणारा. बाहीवर एकही फीत नाही. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनियो नदीच्या काठावर त्याची तुकडी जवळजवळ संपली. त्याने आधी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, चढावावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे आणलं. मग परत फिरला आणि शत्रूच्या तीन मशीनगन चौक्या गप्प केल्या. नंतर बांधावर चढून शिवाजी महाराजांची गर्जना करत बाकीच्यांना पुढे बोलावलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जखमींना पाठीवर घेणारा आणि चौक्या फोडणारा माणूस एकच होता.

शिस्तीत ढील देऊ नकोस. माणसाची चूक झाली तर बराकीमागे नेऊन, एकट्याला, स्पष्ट शब्दांत सांग. याला एकच अपवाद, हत्यार. जांच-शस्त्रच्या, म्हणजे हत्यार रिकामं आहे का हे तपासायच्या वेळी कोणी चेंबर न बघता पुढे गेला, नळी माणसाकडे फिरवली, तर तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात. तिथे त्याच्या मानापेक्षा बाकीच्यांचा जीव मोठा. आणि कंपनी कमांडरने विचारलं की सेक्शनचं काम का बिघडलं, तर उत्तर तुझ्या नावाने सुरू व्हायला हवं. कोण चुकलं ते तू नंतर बघून घे.

सगळी कामं स्वतःच्या अंगावर ओढून घेणं म्हणजेही सेवा, असं काही पोरांना वाटतं. ते चूक आहे. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर असताना १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्याच्या जंगलात, आपल्या माणसांच्या पुढे राहून लढताना शहीद झाले. त्यांच्यासमोर मी मान झुकवतो. पण रोजच्या पेट्रोलिंगला स्काऊटची, म्हणजे सगळ्यात पुढे चालणाऱ्याची जागा तू बळकावलीस तर मागे एलएमजी (हलकी मशीनगन) ग्रुपला वेळेवर कोण सांगणार? जिथून स्काऊटही दिसतो आणि एलएमजीही, तिथे तुझी जागा. स्काऊट आळीपाळीने बदल, त्याच त्या चपळ पोराला रोज पुढे काढू नकोस.

रबाळ्यात, घणसोलीत काम करणाऱ्या माझ्या बरोबरीच्यांसाठी

निवृत्तीनंतर तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखे गेटवर सुपरवायझर आहात. तुमचा गार्ड बारा-बारा तास उभा असतो आणि दिघ्यात नाही तर रबाळ्यात चौघा-पाचजणांत एका खोलीत राहतो. त्याला बसायला खुर्ची आहे का, लघवीला जायला बदली माणूस आहे का, जूनच्या आधी रेनकोट आलेत का, हे तुम्ही बघायचं. ठाणे-वाशी लोकल रखडली की सकाळचा माणूस उशिरा येतो आणि रात्रपाळीवाला अडकतो. अशा वेळी स्वतः गेटवर उभे राहा आणि त्याला घरी पाठवा. पगारातून पीएफ कापला जातो, पण खात्यात भरला जातो का, हे त्याच्याच मोबाइलवर पासबुक उघडून त्याला दाखवा. ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड हातात आलंय का विचारा. कंत्राटदार नाराज होईल, होऊ द्या.

कागद

आता पुन्हा तुझ्याकडे. लग्न झालं, मूल झालं की त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सर्व्हिसच्या कागदात नोंद करणारा हुकूम, निघाली का, हे प्रत्येक जवानाला विचार. नुसतं विचारू नकोस, कागद बघ. बायकोचं नाव सर्व्हिसच्या कागदात एक, आधारला दुसरं, बँकेत तिसरं, असं सर्रास असतं. एकीकडे 'सुनीता', दुसरीकडे 'सुनिता', एकीकडे नवऱ्याचं नाव पुढे लावलेलं, दुसरीकडे वडिलांचं. माणूस धडधाकट असतो तोवर हे कोणाच्या लक्षात येत नाही. तो गेल्यावर त्याची बायको एका वेलांटीसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवते. ऐरोलीत, कळव्यात अशा वहिनींचे अर्ज मी लिहून देतो, आणि दर वेळी वाटतं की हिच्या नवऱ्याच्या सेक्शन कमांडरने एका रविवारी अर्धा तास दिला असता तर हे टळलं असतं. तो अर्धा तास तू दे. नॉमिनी कोण आहे बघ. लग्नाआधी लावलेलं आईचं नाव तसंच राहिलं असेल तर बदलायचं की दोघींना हिस्सा द्यायचा, हे त्याचं त्याला ठरवू दे, फक्त ठरवल्याशिवाय उठू देऊ नकोस. खातं बायकोबरोबर जॉइंट करून घ्यायला लाव आणि सगळ्या कागदांचा एक संच घरी, तिला माहीत असेल अशा जागी ठेवायला सांग.

तुझी पोस्टिंग आली की ती रजेची वही पुढच्या सेक्शन कमांडरच्या हातात दे आणि त्याच्याबरोबर बसून एकेक नाव वाच. कोणाचे कुठले कागद अडकलेत, कोणाच्या पायाला काय त्रास आहे, कोणाला यंदा गणपती द्यायचे आहेत, सगळं सांग. घरगुती भानगडींची आणि कर्जाची पानं मात्र त्या जवानाला विचारूनच दाखव. तो नको म्हणाला तर त्याच्यासमोर फाडून टाक.