कवितेत साप समोर आला की कुठलं वागणं उपजत आणि कुठलं शिकलेलं, हे कसं शोधायचं

माणसाची आणि प्राण्याची गाठ पडते अशी कविता सिलॅबसला असली की एक प्रश्न ठरलेलाच असतो, की कवी इथे उपजत वागतो का शिकवल्यासारखा वागतो, आणि उत्तरही ठरलेलं, गाइडमध्ये छापलेलं, की भीती उपजत आणि दया शिकलेली, किंवा कवी इंग्लिश असला तर उलटं, मन निर्मळ आणि शिक्षण वाईट. मार्क पडतात, नाही असं नाही. पण कविता मात्र तशीच राहते, न वाचलेली. मी खाली जे सांगतेय ते एफवायबीएच्या मुलांना चालेल आणि विरार लोकलमध्ये खिडकी मिळाली म्हणून मोबाइलवर कविता उघडणाऱ्यांनाही चालेल.

उदाहरणाला इंग्लिश कवी डी. एच. लॉरेन्सची 'स्नेक' (म्हणजे साप) घेऊ, कारण या प्रश्नासाठी हिच्याइतकी बरी कविता मला दुसरी माहीत नाही. लॉरेन्स १९२० ते १९२२ या काळात इटलीच्या सिसिली बेटावर ताओर्मिनाला राहायचा, कविता तिथली आहे आणि १९२३ च्या 'बर्ड्स, बीस्ट्स अँड फ्लॉवर्स' या संग्रहात आहे. जुलैचं ऊन, लांब एटना ज्वालामुखी धुमसतोय, हा पायजम्यावरच भांडं घेऊन हौदावर पाणी भरायला येतो तर तिथे आधीच एक साप पाणी पितोय, म्हणून हा नंबर लावून उभा राहतो. मग आतून शिक्षणाचा आवाज येतो, मार त्याला, कारण सिसिलीत काळे साप काही करत नाहीत आणि सोनेरी विषारी असतात, आणि हा तर सोनेरी. पण त्याला साप आवडलेला असतो, कोणी पाहुणा आल्यासारखं वाटत असतं. साप पाणी पिऊन सावकाश भिंतीतल्या काळ्या भोकात शिरायला लागतो आणि तेव्हा याला कसंतरीच होतं, तो हातातलं भांडं खाली ठेवतो, एक ओंडका उचलतो आणि भिरकावतो. साप एक झटका देऊन गायब. लगेच याला स्वतःची लाज वाटते आणि तो आपल्या शिक्षणाला शिव्या घालतो.

आता कामाला लागा. पहिल्यांदा कविता एकदा नुसती वाचा, हातात पेन नको. दुसऱ्यांदा वाचताना फक्त क्रियापदं वेगळी काढा, एका कागदाच्या दोन बाजूंना, इकडे प्राण्याची, तिकडे माणसाची. विशेषणं, उपमा, सगळं सोडून द्या. अख्ख्या कवितेला 'उपजत का शिकलेलं' असं विचारलं की हाताला काही लागत नाही, एकेका क्रियापदाला विचारलं की लागतं. साप आला, प्यायला, मान वर केली, जीभ काढली, विचारात पडला, परत प्यायला, वळला, गेला. माणूस आला, थांबला, ऐकलं, आवडला, घाबरला, ठेवलं, उचललं, फेकलं, पस्तावला.

सापाची बाजू लवकर होते. तिथे एवढंच बघायचं की कुठलं क्रियापद डोळ्यांनी दिसलं आणि कुठलं कवीने घातलं. जीभ काढली हे दिसलं, आणि ते उपजतच, साप दुभंगलेल्या जिभेने हवेतले वासाचे कण गोळा करून टाळूतल्या जेकबसन इंद्रियाकडे पोचवतो, पिल्लाला हे कोणी शिकवत नाही. 'विचारात पडला' हे मात्र कवीचं. दिसलेल्यावर आणि घातलेल्यावर वेगवेगळी खूण करा, आणि घातलेल्या क्रियापदांकडे परत एकदा बघा, कारण तिथे सापापेक्षा कवीच जास्त दिसतो.

खरी मजा दुसऱ्या बाजूला आहे. माणसाच्या प्रत्येक क्रियापदाला मी तीन प्रश्न विचारते. हे करायला कोणी सांगितलं का, म्हणजे कवितेत त्याच्यामागे कुठला आवाज आहे का? मधेच थांबवता आलं असतं का? आणि तिसरा, दुसऱ्या गावात वाढलेल्या माणसाने इथे हेच केलं असतं का?

पहिला प्रश्न सोपा. सोनेरी साप विषारी, हा नियम कवीला कोणीतरी सांगितलेला आहे, तो सिसिलीचा आहे, इंग्लंडमधल्या खाण कामगारांच्या वस्तीत वाढलेल्या पोराला तो जन्मापासून माहीत असणं शक्यच नाही. आपल्याकडेही असे नियम भरपूर. कवड्या साप बिनविषारी, पण अंगावरच्या पट्ट्यांमुळे मण्यारसारखा वाटतो, बिल्डिंगच्या जिन्यात निघाला की वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे काठी शोधतात, आणि त्यातल्या कोणालाही विचारा की तुम्हाला हे कोणी सांगितलं, कोणीतरी सांगितलेलंच असतं. इथे शिकलेलं ज्ञान अर्धवट आहे, पण आहे शिकलेलंच. उत्तरात हे लिहायला विसरू नका, शिकलेलं म्हणजे बरोबर असं नव्हे.

दुसरा प्रश्न थोडा टेढा. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे कॉन्राड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन (दोघांना १९७३ चं नोबेल, कार्ल फॉन फ्रिश यांच्याबरोबर) यांनी ग्रेलॅग जातीच्या हंसीवर काम केलं होतं. घरट्याबाहेर गेलेलं अंडं ती चोचीने ओढत आत आणते, आणि मधेच अंडं काढून घेतलं तरी ओढायची क्रिया ती पूर्ण करते, चोचीखाली काही नसताना. उपजत क्रिया अशी असते, एकदा सुटली की समोरच्या परिस्थितीचं ऐकत नाही. माणसाचंही बघा, डार्विनने १८७२ च्या पुस्तकात स्वतःवरचा प्रयोग लिहून ठेवलाय. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पफ ॲडर या विषारी सापासमोर तो जाड काचेला तोंड लावून उभा राहिला, ठरवून की साप झेपावला तरी हलायचं नाही, आणि साप झेपावल्याबरोबर हा यार्ड-दोन यार्ड मागे उडाला. काच आहे हे माहीत होतं, निश्चय पक्का होता, आणि आयुष्यात कधी साप चावला नव्हता. आता कवितेतला 'मार' म्हणणारा आवाज या कसोटीवर लावून बघा. तो किती वेळ बोलतोय, टोमणे मारतोय, मर्द असतास तर मारलं असतंस म्हणतोय, आणि हा ऐकून घेतोय आणि करत काहीच नाही. ज्याच्याशी वाद घालता येतो, ज्याला उभं ठेवता येतं, ते उपजत नसतं.

पण इथे एक खड्डा आहे आणि नव्वद टक्के मुलं त्यात पडतात (टक्केवारी माझ्या मनाची, तपासू नका). विचार न करता झालं म्हणजे उपजत, असं ते धरून चालतात. दादरला गाडी थांबायच्या आत तुमची सॅक पाठीवरून पोटावर कधी आली हे तुम्हालाही कळत नाही, आणि ती क्रिया शंभर टक्के शिकलेली आहे, गावाहून पहिल्यांदा आलेल्या मामांना ती जमत नाही. शिकलेलं मुरलं की उपजतासारखंच झटकन होतं. त्यामुळे नुसता वेग बघून ठरवू नका.

भीतीचंही तसंच. १९८० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका आणि सहकाऱ्यांनी माकडांवर प्रयोग केले, प्रयोगशाळेत वाढलेली ऱ्हीसस माकडं सापाला घाबरत नव्हती, पण दुसरं माकड सापाला घाबरतंय असा व्हिडिओ दाखवल्यावर लगेच घाबरायला शिकली. मग व्हिडिओत कापाकापी करून दुसरं माकड फुलाला घाबरतंय असं दाखवलं, तर फुलाला घाबरायला काही ती शिकली नाहीत. म्हणजे भीती तयार मिळत नाही, पण कशाची भीती पटकन शिकायची त्याचा कल आधीच असतो. घरात पालीला बघून आई किंचाळते आणि तीन वर्षांची मुलगी पुढच्या वेळी तशीच किंचाळते, ते आठवा. कवितेतली भीती लिहिताना एवढं जरी मांडलंत तरी गाइडमधल्या उत्तराच्या पुढे गेलात.

आता ओंडका. सगळी कविता इथे अडकलेली आहे म्हणून इथे घाई करू नका, अर्धा वेळ इथेच द्या. कवी स्वतः म्हणतो की दोष शिक्षणाचा, आणि लॉरेन्स काही शाळेबाहेरचा माणूस नव्हता, क्रॉयडनच्या शाळेत त्याने १९०८ ते १९११ मास्तरकी केली होती, म्हणजे शिव्या कोणाला घालतोय ते त्याला चांगलं माहीत होतं. पण आपण त्याचं ऐकायलाच पाहिजे असं नाही. क्रम बघा. आवाज बोलत होते तेव्हा हात हलला नाही. हात हलला तो साप पाठ फिरवून भोकात शिरत असताना, त्या क्षणी आवाज बोलतच नाहीयेत, आहे ती फक्त त्या काळ्या भोकाची किळस, एक प्रकारचा विरोध. डार्विनची उडी मागे होती, साप झेपावल्यावर. याचा फेकलेला ओंडका पुढे जातो, आणि तो साप निघून जात असताना, जेव्हा जिवाला धोका नाहीच. शिवाय आधी इकडेतिकडे बघितलं, मग भांडं खाली ठेवलं, मग ओंडका उचलला. दचकलेला माणूस भांडं टाकतो, ठेवत नाही. माझं मत असं की हे निव्वळ उपजत नाही, आणि आवाजांनी सांगितलं म्हणून लगेच केलं असंही नाही, आवाज मघाशी बोलून गेले ते हातात उतरलेत, आणि डोकं दुसरीकडे लागल्याबरोबर हाताने काम उरकून टाकलं. तुम्हाला पटलं नाही तर उलट बाजू घ्या, अंधाराची, बिळाची किळस ही शिकवणुकीच्याही आधीची आहे असं म्हणा आणि कवी शिक्षणावर ढकलून मोकळा होतोय असं दाखवा, चांगलं उत्तर होईल. फक्त ओळी दाखवा.

तिसरा प्रश्न, दुसऱ्या गावच्या माणसाचा, मला सगळ्यात आवडतो कारण तो कवीच्या चांगुलपणालाही लावता येतो. सगळे धरून चालतात की मारणं शिकलेलं आणि आदर आतून आलेला. पण आदर कवितेत कुठल्या शब्दांत येतो? पाहुणा, देव, राज्यातून हाकललेला राजा. हे शब्द जन्मताना कोणी घेऊन येत नाही. आणि पस्तावल्यावर त्याला काय आठवतं तर अल्बट्रॉस हा समुद्रपक्षी, म्हणजे इंग्लिश कवी कोलरिजची १७९८ ची कविता, ज्यात खलाशी विनाकारण पक्षी मारतो आणि भोगतो. शिक्षणाला शिव्या घालताना पश्चात्तापसुद्धा तो वाचनातूनच उसना आणतोय! हे ज्याच्या लक्षात येतं त्याचं उत्तर मास्तर दोनदा वाचतात.

आपल्याकडून बघितलं तर हे अजून स्पष्ट होतं. बोरिवलीचं नॅशनल पार्क सुमारे १०४ चौरस किलोमीटर, भोवती सगळी मुंबई आणि ठाणं, आत बिबटे. पार्कातल्या आणि आरेतल्या आदिवासी पाड्यांवर वाघोबा पूजतात, बिबट्याच्या वाटेत आपण राहतो हे तिथल्या पोराला लहानपणापासून माहीत असतं. शेजारच्या टॉवरमधल्या पोराला व्हॉट्सॲपवरचं सीसीटीव्ही फुटेज माहीत असतं. दोघांचं शिकलेलंच, पण एकाच्या शिकवणीत आदर आहे. म्हणजे शिक्षण म्हणजे मारा आणि निसर्ग म्हणजे जगू द्या, ही वाटणी लॉरेन्सच्या घरची, ती सगळ्या जगाची म्हणून लिहू नका. तेच नागपंचमीचं, आपण नाग पूजतो तेही शिकलेलं, आणि त्याला दूध पाजतो तेही, साप दूध पिणारा प्राणी नसूनसुद्धा.

उत्तर लिहिताना गोष्ट परत सांगत बसू नका, सरांनी कविता वाचलेली आहे. तीन क्रियापदं घ्या, थांबला, फेकलं, पस्तावला, प्रत्येकाला एक परिच्छेद, आणि प्रयोगबियोग एकच टाका, डार्विन किंवा माकडं, दोन्ही टाकले तर मानसशास्त्राचा पेपर वाटतो. शेवटी 'अशा प्रकारे कवितेत दोन्हींचं सुंदर मिश्रण आहे' हे वाक्य येतंच हाताला. खोडा.

हात बसवायला मराठी कविता हवी असेल तर बहिणाबाईंचा सुगरणीचा खोपा घ्या, शाळेतच पाठ झालेला असतो. तिथे साप नाही, भीती नाही, म्हणून सोपा वाटतो, आणि नाहीये. खरं तर खोपा विणतो तो नर, मादी येऊन बघते आणि पसंत करते, ते बाजूला ठेवू. आपण म्हणतो चिमुकल्या चोचीची कला उपजत, पण आफ्रिकेतल्या सुगरण जातींवर झालेल्या अभ्यासात दिसलं की कोवळे नर आधी वेडंवाकडं विणत सराव करतात आणि ज्यांना लहानपणी विणायला काड्या-पाती मिळाल्याच नाहीत त्यांचं काम पुढे कच्चं पडतं. कागदाच्या दोन बाजू करा, खोप्याची क्रियापदं एका बाजूला, आणि शेवटी बाई माणसाच्या हातांकडे वळतात ती दुसऱ्या बाजूला, मग तेच तीन प्रश्न.