सेटलमेंट अ‍ॅग्रीमेंटवर सही करण्याआधी

ब्रिटनमध्ये नोकरी करताना ‘रिडंडन्सी’ (जागाच रद्द झाल्याने नोकरी जाणं) हा शब्द कानावर पडला आणि पाठोपाठ सेटलमेंट अ‍ॅग्रीमेंटचा (पैशांच्या बदल्यात कंपनीवर दावा करण्याचे हक्क सोडण्याच्या कराराचा) मसुदा हातात आला, तर त्या दिवशी सही करू नका. अकॅस या नोकरीच्या वादांत मध्यस्थी करणाऱ्या सरकारी संस्थेच्या आचारसंहितेप्रमाणे विचाराला किमान १० दिवस मिळायला हवेत. त्यात शनिवार-रविवारही मोजले जातात, म्हणून सॉलिसिटरची (वकिलाची) वेळ लगेच मागून ठेवा. स्वतंत्र सल्लागाराचा सल्ला घेतल्याशिवाय कायद्याने दिलेले हक्क अशा कराराने सोडता येत नाहीत, त्यामुळे बहुतेक कंपन्या त्या फीचा काही भाग उचलतात. तो भाग किती आणि बोलणी फिसकटली तर फी कोण भरणार, हे आधीच विचारा.

भेटीला जाताना नोकरीचा करार, अलीकडच्या पे-स्लिप, बोनस आणि शेअर्सची पत्रं, पेन्शनचं विवरण आणि रिडंडन्सीबद्दलचे सगळे ईमेल तारखेनुसार लावून न्या. ऑफिसचं लॉगिन कधीही बंद होऊ शकतं, तेव्हा आपले कागद लवकर जमवा. पण कंपनीच्या गोपनीय फाइली स्वतःच्या मेलवर पाठवू नका, तेच अंगाशी येतं.

आता आकडेमोड, आणि इथे घाई नकोच. एका कागदावर दोन रकाने पाडा. पहिल्यात तुमच्या हक्काचं लिहा: शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार, उरलेल्या रजेचे पैसे, नोटीस पे (नोटिशीच्या काळाचा पगार), आणि नोकरीची दोन वर्षं पूर्ण झाली असतील तर कायद्याने ठरलेला रिडंडन्सी पे. तो बाविशीआधीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला अर्ध्या आठवड्याचा, २२ ते ४० मध्ये एका आणि ४१ पासून दीड आठवड्याचा पगार असतो. जास्तीत जास्त २० वर्षं धरतात आणि आठवड्याच्या पगारालाही सरकारी कमाल मर्यादा असते. दुसऱ्या रकान्यात कंपनी त्याहून जास्त देऊ करते तेवढीच रक्कम. हक्क सोडण्याची खरी किंमत तेवढीच! मोठी बेरीज पाहून हायसं वाटतं, आणि त्यातले बरेचसे पैसे मुळातच आपले होते हे सही झाल्यावर कळतं, याचं मला फार वाईट वाटतं. करही तपासा. भरपाईच्या ३०,००० पौंडांपर्यंत सहसा आयकर लागत नाही, मात्र पगार, रजेचे पैसे आणि नोटीस पे यांवर लागतो.

मग घडलेलं सगळं क्रमाने लिहून काढा: काढण्यासाठी तुमची निवड कोणत्या निकषांवर झाली, दुसरी जागा देऊ केली का, तुम्ही गरोदर किंवा प्रसूती रजेवर होता का. ९० दिवसांत २० किंवा जास्त लोकांना काढायचं असेल तर कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी सामूहिक सल्लामसलत बंधनकारक असते. ती झाली का? घासाघीस करायला हेच मुद्दे उपयोगी पडतात. बोलणी सुरू आहेत म्हणून ट्रायब्युनलकडे (नोकरीचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) दावा करण्याची मुदत आपोआप थांबत नाही, तेव्हा शेवटची तारीख सॉलिसिटरकडून लिहून घ्या.

स्किल्ड वर्कर व्हिसा (कंपनीच्या प्रायोजकत्वावर मिळणारा) असेल तर नोकरीच्या शेवटच्या तारखेबद्दल इमिग्रेशन सल्लागाराशी वेगळं बोला. नोकरी सुटल्याचं कंपनी होम ऑफिसला (गृहखात्याला) कळवते आणि मग देशात राहायला साधारणपणे ६० दिवसांचीच मुदत उरते. म्हणून ती तारीख महिनाभर पुढे ढकलून मिळणं हे कधीकधी रकमेहून मोलाचं असतं, आणि ते मागायला संकोच करू नका.

संदर्भपत्राचा मजकूर कराराला जोडून घ्या, स्पर्धक कंपनीत जाण्यावर किती महिने बंदी आहे ते पाहा. आणि नोकरी सहीनंतर काही आठवड्यांनी संपणार असेल, तर शेवटच्या दिवशी करार पुन्हा पक्का करणारी दुसरी सही मागतात का आणि पैसे त्यानंतर किती दिवसांत येणार, तेही विचारून ठेवा.