वणव्याचा पैसा पावसाळ्यात मागा: सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांनी या चुका टाळा

होळीच्या आसपास चोपडा, यावल, शिरपूरकडच्या गावांतून रात्री डोंगराकडे पाहिलं की लाल माळ पेटलेली दिसते. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत हमखास प्रश्न येतो, "वणव्यासाठी सरकारी अनुदान असतं म्हणे, अर्ज कुठं मिळतो?" प्रश्न बरोबर आहे, महिना चुकलेला असतो. इथं आमचं धोरण एकच: आग लागनी का मंग देखसूत.

अर्जाचा नमुना शोधत बसणं

असा नमुना बहुधा सापडत नाही. केंद्राच्या वन आग प्रतिबंध व व्यवस्थापन योजनेत महाराष्ट्रासाठी केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के वाटा उचलतं, पण तो पैसा वनखात्याकडे येतो, गावाच्या खात्यावर नाही. कॅम्पाचा, म्हणजे वनजमीन दुसऱ्या कामाला दिल्याच्या भरपाईचा, निधीही खात्यामार्फतच खर्च होतो, आणि त्याच्या २०१८ च्या नियमांत वणवा रोखण्याचं काम बसतं. अमेरिकेत २०२१ च्या कायद्यानं गावांना अशा कामासाठी थेट अनुदान सुरू झालं, त्याचे व्हिडिओ पाहून आपल्याकडेही लोक आशेवर असतात. तिथंही जंगलकामाचा पैसा हवा तर गावाचा वणवा-आराखडा आधी तयार लागतो, आणि तो दहा वर्षांहून जुना चालत नाही. आपल्याकडे आराखडा म्हटलं की लोक झेरॉक्सवाल्याकडे जातात.

गावाच्या हातातला पैसा वेगळा आहे. नंदुरबार जिल्ह्यातली बहुतेक आदिवासी गावं, साक्री-शिरपूरचा आणि चोपडा-यावल-रावेरचा काही भाग पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यात, येतो. तिथल्या ग्रामपंचायतींना मिळणारा ५ टक्के अबंध, म्हणजे एकाच कामाला न बांधलेला, निधी वन आणि वन्यजीव संवर्धनावर खर्च करता येतो. तो बहुतेक ठिकाणी काँक्रीटमध्ये जातो, ही गोष्ट वेगळी.

तारखांचं गणित न करणं

सर्वांत महाग चूक हीच. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात आणि सरकारी वर्ष ३१ मार्चला संपतं. म्हणजे हंगाम दोन वर्षांत चिरला जातो. फेब्रुवारी-मार्चची बिलं ३१ मार्चच्या आत गेली नाहीत तर अडकतात, आणि एप्रिल-मेची मजुरी नव्या तरतुदीची वाट पाहत बसते. डोंगर मात्र या सगळ्या महिन्यांत जळत असतो.

जाळरेषेचं, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळ्या ठेवायच्या पट्ट्याचं, गवत वाळल्यावर डिसेंबर-जानेवारीत कापायचं, आणि ती हंगामाआधी सकाळच्या थंडाव्यात, वनखात्याच्या देखरेखीखाली जाळून घ्यायची. तेवढ्यासाठी ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत झाला पाहिजे. २ ऑक्टोबरलाही चालेल. २६ जानेवारीला केलेला ठराव त्या उन्हाळ्याच्या कामाचा नाही. आणि ठरावात "वणवा रोखणेबाबत" एवढंच लिहून भागत नाही: जंगलाच्या कोणत्या कक्षात (भागात) किती मीटर जाळरेषा, किती माणसं, किती दिवस, तेही लिहा.

गट नंबर टाकून मोकळं होणं

जंगलाला कक्ष क्रमांक असतो, शेताला गट नंबर. वनखात्याकडच्या प्रस्तावात सातबाऱ्याचा गट टाकला की तो परत येतो. वनरक्षकासोबत एक सकाळ फिरून नकाशावर खुणा करा. संयुक्त वन व्यवस्थापन समिती आणि वनहक्क कायद्याच्या सामूहिक वनहक्कांखालची ग्रामसभेची समिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीचं इतिवृत्त आणि दुसरीचं बँक खाते जोडलं तर कागद वर्षभर फिरत राहतो. पाठवण्याआधी खाते चालू आहे का, तेही बघा.

यंत्र मागणं, मोह विसरणं

प्रत्येक गावाला ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोतानं पाला उडवणारं यंत्र, हवा असतो, कारण फोटोत तो चांगला दिसतो. पण मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात, वेचायला जमीन मोकळी हवी म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, आणि सागाच्या कोरड्या पानांतून तीच आग वर डोंगर चढते. मोहाखाली अंथरायच्या जाळ्या मागा. फुलं स्वच्छ मिळतात, पाला पेटवावा लागत नाही. माझ्या मते एका ब्लोअरच्या पैशात मोहाखाली जाळ्या घेणं जास्त शहाणपणाचं. बांधावर पऱ्हाटी जाळणाऱ्या शेतकऱ्याशीही आधीच बोला. दुपारच्या वाऱ्यात ठिणगीला कुंपण कळत नाही.

गावात नसलेल्या माणसांची नावं

दिवाळीनंतर नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. मजुरांच्या मस्टरवर (हजेरीपटावर) त्यांचीच नावं असतील तर पुढे चौकशीत उत्तर देणं अवघड. जे गावातच राहतात त्यांना घ्या. गुरं चारणाऱ्या बायकांना धूर आधी दिसतो, त्यांची नावं मात्र क्वचितच असतात. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचं नाव आपण अभिमानानं घेतो, चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री जाहीर झाली तेव्हाही घेतलं. तिथं गावानं जंगल राखलं ते रोजच्या राखणीनं.

आग लपवणं

"कळवलं तर निधी थांबेल" ही भीती खोटी आहे. देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगीचे ठिपके पाहतं; गावानं लपवलेली आग तिथं आधीच दिसलेली असते. वन अग्नी पोर्टलवर मोबाईल नोंदवला की एसएमएस येतो. मात्र एक ठिपका पावणेचारशे मीटरचा असतो आणि उपग्रह दिवसभर डोक्यावर नसतो, म्हणून एसएमएसच्या भरवशावर झोपू नका. धूर दिसताच वनविभागाच्या १९२६ वर सांगा, वेळ वहीत लिहा. पुढच्या वर्षी जाळरेषा कुठं हवी ते हीच वही दाखवते.

ब्लोअर आधीच आला असेल आणि सुरू होत नसेल, तर दोष बहुतेक वेळा मागच्या जूनचा असतो. टाकीत राहिलेलं तेलमिश्रित पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकट होतं. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करा, यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. आणि टू-स्ट्रोक यंत्रात नुसतं पेट्रोल ओतू नका. एका गावात ते पहिल्याच दिवशी जाम झालं, अन् आग फांद्यांनीच विझवावी लागली.